रॅम्प जोत्याच्या दिवशीच ठरतो

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, शेतीच्या अर्थकारणावर, नाट्यसंगीतावर भाषणं झाली. यंदा संयोजकांनी एका निवृत्त बांधकाम अभियंत्याला बोलावलं आणि विषय विचारला. मी म्हटलं, रॅम्प आणि रेलिंग. त्यावर पलीकडून अगदी सौम्यपणे विचारणा झाली, "थोडं व्यापक करता येईल का?" माझी ना नव्हती, पण हा विषय व्यापक केला की बिघडतो. अपंगांचे हक्क, समावेशक समाज, संवेदनशीलता यांवर टाळ्या घेणारी भाषणं पुष्कळ होतात आणि दुसऱ्या दिवशी रॅम्प एकास सहाच्या तीव्र चढाचाच बांधला जातो. म्हणून आज मिलिमीटर, सिमेंट आणि स्टीलचे पाइप. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी तंत्रशाळेत भूमिती शिकवायचे. त्यांची तरी तक्रार नसती.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की इमारतीचा रॅम्प चांगला होणार की वाईट, हे जोत्याची उंची ठरते त्या दिवशी ठरून गेलेलं असतं. नंतर कितीही परिपत्रकं काढा, भूमिती ऐकत नाही.

हिशेब करून बघू. या सभागृहाला बाहेर पाच पायऱ्या आहेत. पायरी दीडशे मिलिमीटरची धरली तर जोतं झालं साडेसातशे मिलिमीटरचं, म्हणजे अडीच फूट. रॅम्पचा चढ जास्तीत जास्त एकास बारा असावा असा नियम आहे. एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. साडेसातशे मिलिमीटरला नऊ मीटर. वर दाराशी खुर्ची वळवायला दीड मीटरचा सपाट टप्पा हवा, खाली तेवढाच हवा, आणि मध्ये दम खायला एक. झाले साडेतेरा मीटर, चव्वेचाळीस फूट. आता मला सांगा, दारापासून फाटकापर्यंत पंधरा फूट जागा उरलेली असताना हे चव्वेचाळीस फूट आणायचे कुठून? वळसा घालून, दुहेरी घडी घालून आणता येतात. पण त्यासाठी तेवढी जागा नकाशावर आधीपासून सोडलेली हवी. तशी ती नसते. इमारत उभी राहते, रंग लागतो, उद्घाटनाची तारीख ठरते आणि मग कोणाला तरी आठवतं की रॅम्प राहिला. गवंडी बिचारा उरलेल्या जागेत बसेल तसा ढाळ काढतो आणि तो एकास पाच, एकास सहा होतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. अंदाजपत्रकात त्याची नोंदही "रॅम्प, एक नग" अशी असते. खुर्च्यांसारखा नगावर मोजला की तो खुर्च्यांसारखाच शेवटी येणार.

मग जोती इतकी उंच का? कारणं खरी आहेत. आपल्याकडे पाऊस आहे, ओल आहे, विंचूकाटा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता जोतं किमान साडेचारशे मिलिमीटर असावं असं सांगते, तेही योग्यच. साडेचारशेला एकास बाराने पाच मीटर चाळीस सेंटीमीटरचा रॅम्प लागतो. तो कुठेही बसतो. भानगड होते ती त्याच्या वरच्या उंचीत, आणि ती पुष्कळदा पावसामुळे आलेलीच नसते. सरकारी इमारत चार पायऱ्या चढून जावं अशी दिसली पाहिजे, हा ब्रिटिशांच्या काळापासूनचा हव्यास आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. न्यायालयाच्या जुन्या इमारती पाहिल्या की ही म्हण शब्दशः पाळायची सोय केलेली दिसते.

पुराच्या गावांचं वेगळं. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथे दवाखान्याचं जोतं उंच घ्यावंच लागेल, आणि घ्यावं. पण मग त्याच कागदावर, त्याच दिवशी वीस-पंचवीस मीटरचा रॅम्पही काढायचा. उंची वाढवणारी पेन्सिल आणि लांबी वाढवणारी पेन्सिल एकाच हातात हवी.

आता हा एकास बारा आला कुठून? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट नावाचे गृहस्थ होते. १९४८ साली गेल्सबर्गला त्यांनी व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं. युद्धातून जायबंदी होऊन परतलेले सैनिक त्यांत होते. पुढच्याच वर्षी हा कार्यक्रम अर्बाना-शॅम्पेनला हलला. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन प्रत्यक्ष चढून बघितलं, मोजलं, नोंदी केल्या. त्या कामातून १९६१ साली अमेरिकेचं पहिलं सुगम्यतेचं मानक निघालं. जेमतेम सहा पानांचं. एकास बारा त्यात आहे आणि तिथून तो जगभर गेला, आपल्या संहितेतही आला. मला या माणसाबद्दल आदर आहे, कारण त्याने आकडा खुर्चीत बसलेल्यांकडून मिळवला. पण त्या खुर्च्यांत बसलेले बहुतेक तरुण होते, दंडात ताकद असलेले. तालुक्याच्या दवाखान्यात सत्तरीच्या आजींना गंजक्या खुर्चीतून ढकलणारी त्यांची सून त्या प्रयोगात नव्हती. म्हणून एकास बारा ही शेवटची हद्द समजायची. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनाही उंची वाढली की एकास पंधरा, एकास वीस असा सौम्य चढ घ्या म्हणतात. अभियंते मात्र हद्दीलाच उद्दिष्ट समजतात. परीक्षेत पस्तीस गुणांचं ध्येय ठेवण्याची सवय, दुसरं काय!

चढ दुप्पट झाला की काय होतं ते पाहा. माणूस साठ किलोचा, खुर्ची वीस किलोची धरा. एकास बारावर ढकलणाऱ्याला चाकांचं घर्षण सोडून साधारण पावणेसात किलोचा जोर सतत लावावा लागतो. एकास सहावर तेरा किलोंच्या वर, म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो जवळजवळ तेवढं वजन. ते सोडून द्यायचं नाही, ठेवूनही द्यायचं नाही. आणि खुर्चीत बसलेला स्वतःच चाकं फिरवत असेल तर आणखी एक गोष्ट घडते, ती उभ्या माणसाच्या लक्षात येत नाही. चाकाची कडी पुढे ढकलली, की पुढचा हात मारण्यासाठी तळवे क्षणभर कडीवरून सुटतात. तेवढ्यात खुर्ची मागे येते. सौम्य चढावर बोटभर येते. तीव्र चढावर दोन हातांत कमावलेलं सगळं जातं, आणि घाईने पुढचा हात जोरात मारला तर पुढची छोटी चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे कलंडते. एकास सहाचा रॅम्प कष्टाचा आहे हे म्हणणं पुरेसं नाही. तो माणसाला पाडतो.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत रॅम्प आले ते सर्व शिक्षा अभियानात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात अडथळाविरहित प्रवेश ही शाळेची अट आहे. अट चांगली. पण दरवर्षी शाळेची माहिती भरताना प्रश्न असतो, रॅम्प आहे का? उत्तर, होय किंवा नाही. रेलिंग आहे का? होय किंवा नाही. चढ किती हा आकडा होय-नाहीच्या चौकटीत मावत नाही. म्हणून आपल्याकडे हजारो शाळांच्या कागदावर होय आहे, आणि प्रत्यक्षात व्हरांड्याला टेकवलेली एक सिमेंटची घसरगुंडी. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यावरून खरोखर घसरतात. पोरांना वस्तूचा उपयोग मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

आता रेलिंगकडे येतो, कारण माझ्या मते जास्त नुकसान तिथे होतं आणि बोललं कमी जातं. कठडा आणि हँडरेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कठडा पडू देत नाही. हँडरेल धरायला असते. आपल्या इमारतींत कठडे भक्कम असतात, फूटभर रुंद, वर चकचकीत ग्रॅनाइट. त्याच्यावर हात ठेवता येतो, तो धरता येत नाही. तोल गेला तर तळवा सरकत जातो. हाताने धरायची वस्तू अशी हवी की अंगठा आणि बोटं तिच्याभोवती जवळजवळ मिळाली पाहिजेत. चाळीस मिलिमीटरच्या आसपासचा गोल पाइप. भिंतीपासून निदान पन्नास मिलिमीटर दूर, नाहीतर बोटांची पेरं भिंतीवर सोलवटतात. आणि पाइपला आधार खालून द्यायचा. आडवा ब्रॅकेट पाइपच्या बाजूने आला की दर मीटरला हात सोडून पुन्हा धरावा लागतो, आणि ज्याला हात सोडणं परवडत नाही त्याच्यासाठीच तर तो पाइप आहे.

दोन्ही बाजूंना रेलिंग लागतं, यावर ठेकेदार नेहमी वाद घालतो. एका बाजूला भिंत आहेच की साहेब, म्हणतो. त्याला मी एक प्रश्न विचारायचो. अर्धांगवायूने डावं अंग गेलेला माणूस घे. तो चढताना उजवीकडचं रेलिंग धरून वर जाईल. उतरताना ते रेलिंग त्याच्या कुठल्या बाजूला येईल? डावीकडे. म्हणजे वर गेला तो गेला. काही जण मग पाठमोरे उतरतात. मी सरकारी दवाखान्याच्या जिन्यावर एका धोतरवाल्या आजोबांना तसं उतरताना पाहिलं आहे, एकेक पायरी पावलाने चाचपत, आणि मागून येणारी मंडळी "बाबा, बाजूला व्हा" म्हणत होती.

उंच्या दोन हव्यात. वरचा पाइप नऊशे मिलिमीटरच्या आसपास, उभ्याने चालणाऱ्याला. खालचा सातशे ते सातशे साठवर, खुर्चीतल्याला, बुटक्याला, मुलाला. शेवटची पायरी संपली तरी पाइप आणखी तीनशे मिलिमीटर पुढे न्यायचा. हा पुढचा तुकडा कापून पैसे वाचवले जातात. पण गुडघ्याचं दुखणं असलेल्या बाईला विचारा, सगळ्यांत भीती कुठे वाटते? शेवटच्या पायरीवर. पाऊल सपाटीवर टेकलेलं नसतं, हात मात्र रिकामा झालेला असतो. आणि पुढे नेलेलं ते टोक उघडं ठेवायचं नाही. भिंतीकडे किंवा जमिनीकडे वळवून बंद करायचं. उघड्या टोकात पदर अडकतो, ओढणी अडकते, शबनमचा बंद अडकतो. ही बारीकसारीक गोष्ट परदेशी मानकांतही आहे, पण तिचं महत्त्व नऊवारीच्या मुलखाला जास्त कळावं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आयत्या नकाशात लिहिलेली मला दिसली नाही. हल्ली सगळीकडे स्टेनलेस स्टीलचं रेलिंग. दिसायला झकास. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पश्चिमेकडच्या उघड्या रॅम्पवर ते हाताने धरून दाखवा. चटका बसतो, धरवत नाही. पैसे खर्चून केलेली सोय दिवसातले चार तास बंद. उपाय अवघड नाही: रॅम्पवर छप्पर घ्या, नाहीतर पाइपवर प्लास्टिकचं आवरण चढवा, नाहीतर लाकूड वापरा. छपराचा कोकणातही फायदा, कारण तिथे शत्रू ऊन नाही, शेवाळ आहे. पॉलिश केलेला ग्रॅनाइट रॅम्पला लावणाऱ्या माणसाला पहिल्या पावसात त्यावरून चालत न्यावं, असं मला फार वेळा वाटलं आहे. खरबरीत फरशी, चेकर्ड टाइल, नाहीतर साध्या कोब्यावर ओला असताना आडवा झाडू मारून काढलेल्या रेघा, याहून जास्त काही लागत नाही.

पायथ्याशी गटाराची जाळी असेल तर तिच्या पट्ट्या येण्याजाण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फटी बारीक. उभ्या पट्ट्यांत खुर्चीचं पुढचं चाक बरोबर बसतं. वरचं दार टप्प्यावर बाहेर उघडत असेल तर टप्पा मोठा घ्या. आणि सरकत्या जाळीच्या दरवाजाची ती लोखंडी पट्टी, जमिनीवर उभी राहिलेली, ती जमिनीत बुडवा. एवढं सगळं झाल्यावर रॅम्पवर दुचाकी लावू देऊ नका. आणि दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी साखळीही लावू नका! मुंबईत पदपथांवर गाड्या येऊ नयेत म्हणून खांब ठोकले, ते इतके जवळ की व्हीलचेअर जाईना. २०२३ साली उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपली बाजू कागदावर तरी भक्कम आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात सोयी करा म्हटलं होतं, पण "आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत". या शेपटीने सगळं गिळलं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा कडक आहे. नियम न पाळणाऱ्या इमारतीला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. मग घोडं अडलं कुठे? नियमांनी बोट दाखवलं मार्गदर्शक सूचनांकडे आणि त्या सूचनांची भाषा शिफारशीची. राजीव रतुरी यांनी सुगम्यतेच्या प्रश्नावर २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हेच पकडलं. कायदा "करावंच लागेल" म्हणतो आणि नियम "केल्यास बरं" म्हणतो, हे चालणार नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. वीस वर्षांची लढाई आणि तिचं सार एका क्रियापदात.

निकालाच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत खारचं विवाह नोंदणी कार्यालय बातमीत आलं होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला लग्नाच्या दिवशी उचलून वर न्यावं लागलं. यात रॅम्पचा प्रश्नच नाही; दुसऱ्या मजल्याला रॅम्प घालायचा तर शंभर मीटर लागतील. प्रश्न एवढाच होता की ज्या कामाला माणसाला स्वतः हजर राहावंच लागतं ते काम तळमजल्यावर का नाही. टेबल खाली आणायला सिमेंट लागत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं "चाकाची खुर्ची" ज्यांनी वाचलं असेल त्यांना असे उचलून नेण्याचे प्रसंग नवे नाहीत. उचलणाऱ्यांचा चांगुलपणा खरा असतो. पण प्रौढ माणसाने कचेरीत जाताना कोणाच्या तरी चांगुलपणाची वाट बघत का बसावं?

जुन्या वास्तूंचं काय, असं नेहमी विचारलं जातं. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परिषद होती, मग ते दिल्लीला गेले. तिथली स्मारकं त्यांना बघता यावीत म्हणून अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जावेद अबिदींनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने तात्पुरते लाकडी रॅम्प घातले. तेव्हा टीका झाली की पाहुण्यासाठी रातोरात, आपल्या माणसांसाठी कधीच नाही. टीका रास्तच. पण अभियंता म्हणून मला त्या लाकडाचं कौतुक वाटतं. असा रॅम्प जुन्या दगडाला हात न लावता ठेवता येतो, काढता येतो, दगड जसाच्या तसा राहतो. वारसा इमारत आहे म्हणून काही करता येत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला सुताराचा पत्ता द्यावा.

आणि नव्या इमारतीला माझा आवडता उपाय म्हणाल तर रॅम्प करूच नका. अंगणालाच भराव घालून फाटकापासून दारापर्यंत एकास वीसचा संथ ढाळ द्या. अमेरिकन मानकं एवढ्या सौम्य चढाला रॅम्प म्हणत नाहीत, तो नुसता रस्ता. साडेचारशेच्या जोत्याला नऊ मीटरचं अंगण पुरतं. पायऱ्याच नाहीत, म्हणून सगळे एकाच वाटेने येतात: खुर्ची, बाळाची गाडी, पाण्याचे जार आणणारा, आणि साहेबसुद्धा. भरावाचा खर्च येतो, पण पायऱ्या, रॅम्प आणि दोन्हींचं रेलिंग वाचतं. पाणी दाराकडे वळू नये म्हणून दारासमोर आडवं गटार मात्र विसरू नका. नाहीतर पहिल्याच पावसात मला शिव्या बसतील.

शेवटी कामाचं. तुमच्या गावातल्या कुठल्याही रॅम्पचा चढ तुम्ही मोजू शकता, अभियंता लागत नाही. गवंड्याकडची साठ सेंटीमीटरची लेव्हल घ्या आणि पाच सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा. साठ भागिले बारा, पाच. लेव्हल रॅम्पच्या चढावर लांबीत ठेवा, खालच्या टोकाखाली ठोकळा सरकवा आणि बुडबुडा बघा. मधोमध आला तर एकास बारा. चढाच्या बाजूला सरकला तर चढ जास्त आहे. उताराच्या बाजूला गेला तर त्या अभियंत्याला चहा पाजा. तीन-चार जागी मोजा, कारण गवंडी वर जाता जाता ढाळ वाढवतो. मग फोटो काढा, इमारतीचं नाव, तारीख आणि मोजलेला चढ लिहा आणि अर्ज पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा. प्रत इमारत ज्यांची त्यांना. "रॅम्प गैरसोयीचा आहे" असं लिहू नका, त्यावर "नोंद घेतली" असं उत्तर येतं. "चढ एकास सात आहे, कमाल एकास बारा हवा" असं लिहा. आकड्याला उत्तर देताना समोरच्यालाही मोजायला उठावं लागतं.

एक लेव्हल आणि ठोकळा मी बरोबर आणला आहे, खाली पुस्तकांच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी न्यावा. लेव्हल तेवढी परत करा, ती माझ्या हातातली जुनी आहे. ठोकळे कितीही मिळतील.